तीन मिलिमीटरची भिंत

मे महिना संपत आला की मुंबई बंदरातल्या शिडाच्या नौका एकेक करून पाण्याबाहेर निघायला लागतात. पावसाळाभर शिडं गुंडाळलेलीच राहणार असतात. डोलकाठी उतरवून लाकडी घोड्यांवर आडवी ठेवली, की हंगामभर मान वर करून जिच्याकडे बघितलं ती पहिल्यांदाच हाताशी येते. मालक फडकं घेऊन ती पुसायला लागतो आणि कुठल्यातरी क्लीटपाशी, म्हणजे दोर अडकवायच्या दुशिंगी खुंटीपाशी, त्याचा हात थांबतो. स्क्रूच्या डोक्याभोवती रंगाला फोड आलेला असतो. नखाने टोकरलं की रंगाचा पापुद्रा निघतो आणि खालून पांढरी भुकटी सांडते. स्क्रू मात्र लखलखीत. तो स्टेनलेस स्टीलचा आहे, त्याला काहीही झालेलं नाही. झालंय ते डोलकाठीला.

स्क्रू ड्रायव्हर लावून फिरवायला जावं, तर स्क्रू जागचा हलत नाही. जोर लावला की डोक्यावरची खाच सोलवटते. आणखी जोर लावला की डोकंच तुटून हातात येतं.

ज्यांचा समुद्राशी काडीचा संबंध नाही, त्यांनीही हे पाहिलेलं असतं. अ‍ॅल्युमिनियमच्या जुन्या कुकरचा दांडा डुगडुगायला लागला म्हणून स्क्रू आवळायला घ्यावा, तर तो धड आवळलाही जात नाही आणि निघतही नाही. दादर-माहीमला समुद्राकडच्या फ्लॅटमधली सरकती खिडकी दुरुस्त करायला आलेला कारागीर स्क्रू उलटा फिरवायच्या भानगडीत न पडता सरळ ड्रिल मशीन बाहेर काढतो, तेही याच कारणाने. स्टील, अ‍ॅल्युमिनियम, ओल आणि मीठ एवढी चार मंडळी एकत्र जमली, की स्क्रू धातूत रुजून बसतो. फरक इतकाच, की कुकरचा दांडा निसटला तर आमटी सांडते. डोलकाठीवरची वस्तू निसटते ती बहुधा वारा सुटलेला असताना, कारण ताण तेव्हाच असतो.

आजच्या बहुतेक मध्यम आकाराच्या शिडाच्या नौकांची डोलकाठी अ‍ॅल्युमिनियमची असते. शुद्ध अ‍ॅल्युमिनियमची नव्हे, तर त्यात थोडं मॅग्नेशियम आणि सिलिकॉन मिसळलेल्या मिश्रधातूची. या व्यवसायात ६०६१ आणि ६०८२ हे आकडे तोंडी असतात. ती घडवायची पद्धत मराठी स्वयंपाकघराला नवी नाही. सोऱ्यात पीठ भरून दाबलं की ताटलीच्या भोकाच्या आकाराची शेव बाहेर येते, तसा तापवून मऊ केलेला धातूचा ओंडका प्रचंड दाबाने साच्यातून ढकलतात आणि पलीकडून लांबच लांब पोकळ नळी निघते. शिडाची कड सरकण्यासाठी मागच्या बाजूला लागणारी खोबणही त्याच साच्यातून आपोआप तयार होते. मग उष्णतेचे संस्कार करून तिला ताकद आणतात आणि विजेच्या साहाय्याने पृष्ठभागावर ऑक्साइडचा कठीण थर चढवतात. यालाच अ‍ॅनोडायझिंग म्हणतात. हा थर साधारण १० ते २५ मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षाही पातळ असतो. पण समुद्राच्या हवेत डोलकाठी टिकते ती त्याच्या जिवावर.

आणि अशा डोलकाठीला बसवायच्या वस्तूंची यादी संपत नाही. क्लीट, विंच, दिवे, रेडिओची अँटेना, रडारचा कंस, वर चढायच्या पायऱ्या, आडव्या दांड्याचा सांधा. प्रत्येकासाठी भोकं पाडावी लागतात. प्रत्येक भोक त्या पातळ थराला आरपार छेदून जातं आणि आत उघडा पडलेला धातू दिसतो, कापलेल्या सफरचंदासारखा. नळीची भिंत किती जाड? मध्यम नौकेवर अडीच ते चार मिलिमीटर. तीन धरून चालायला हरकत नाही. या तीन मिलिमीटरच्या भिंतीत आटे पाडायचे, त्यात दुसऱ्याच धातूचा स्क्रू बसवायचा, तो वर्षानुवर्षं हलू द्यायचा नाही, आणि एक दिवस काढायची वेळ आली तर मुकाट निघालाही पाहिजे. काम एवढंसंच आहे. ते नीट केलेलं मात्र क्वचितच दिसतं.

मग स्टेनलेसचा स्क्रू वापरायचाच कशाला, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. अ‍ॅल्युमिनियमचा स्क्रू मऊ पडतो. साधं पोलाद खाऱ्या हवेत एका हंगामात तांबूस होतं. पितळेतलं तांबं अ‍ॅल्युमिनियमचं उघड वैरी. राहता राहिलं ते ३१६ जातीचं स्टेनलेस. म्हणजे ही निवड आवडीची नाही, नाइलाजाची आहे. खाऱ्या पाण्याचा थेंब या दोन धातूंना जोडून बसला की त्यांची बॅटरी होते. दोघांमधला विद्युतदाब साधारण पाऊण व्होल्ट भरतो, टॉर्चच्या सेलच्या निम्मा. या व्यवहारात देणेकरी कायम अ‍ॅल्युमिनियमच असतं. ते झिजतं आणि स्टील सुरक्षित राहतं. झिजलेल्या अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते. आट्यांमधल्या केसभर फटीत ती ठासून भरते. स्क्रू अडकतो तो या भुकटीमुळे. गंज चढल्यामुळे नव्हे.

हा खेळ दर्यावर्दी लोकांच्या लक्षात आला तो बॅटरीचा शोध लागण्याआधी. १७६१ मध्ये ब्रिटिश नौदलाने ‘अलार्म’ नावाच्या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचा पत्रा मढवून पाहिला. लाकूड पोखरणारे किडे आणि शेवाळ यांच्यावर उपाय म्हणून. पत्रा लोखंडी खिळ्यांनी ठोकला होता. वेस्ट इंडीजची वारी करून नौका परतली तेव्हा तांबं ठणठणीत होतं, पण ठिकठिकाणी खिळ्यांचा पार भुगा झालेला. काही खिळे मात्र शाबूत निघाले. का, म्हणून बारकाईने पाहिलं, तर त्या खिळ्यांच्या डोक्याखाली तपकिरी कागदाचा तुकडा अडकून राहिला होता. तांब्याचे पत्रे ज्या कागदात गुंडाळून आले, तोच. तो कागद तांबं आणि लोखंड यांच्या मध्ये आला, म्हणून खिळे वाचले. व्होल्टाची पहिली बॅटरी यायला अजून जवळजवळ चाळीस वर्षं होती. कारण कोणालाच ठाऊक नव्हतं, उपाय मात्र समोर पडलेला होता: दोन धातूंना एकमेकांना शिवू द्यायचं नाही. पुढे १७८० च्या दशकात ब्रिटिश नौदलाने लोखंडी बोल्टच सोडून दिले आणि तांब्याच्या मिश्रधातूचे घेतले.

‘अलार्म’च्या गोष्टीत आणखी एक धडा दडलेला आहे, आणि डोलकाठीवर काम करणाऱ्याला तो जास्त उपयोगी पडतो. तिथे झिजणारा धातू खिळ्याएवढा होता आणि झिजवणारा अख्ख्या तळाएवढा. हे सगळ्यात वाईट प्रमाण, कारण सगळी झीज एका चिमुकल्या जागी एकवटते. डोलकाठीत उलट असतं. झिजणारी नळी मोठी, झिजवणारा स्क्रू लहान. म्हणून स्टीलचे स्क्रू अ‍ॅल्युमिनियममध्ये निदान तग धरतात. पण स्टीलची मोठी पट्टी अ‍ॅल्युमिनियमच्या रिव्हेटांनी ठोकणाऱ्याने मात्र अडीचशे वर्षांपूर्वीचीच चूक नव्याने केलेली असते. तिथे रिव्हेट आधी जातात.

त्या तपकिरी कागदाची जागा आज निरनिराळ्या लेपांनी घेतली आहे. ब्रिटिश बोटयार्डात ड्युरालॅक नावाचा पिवळा लेप पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. त्यात बेरियम क्रोमेट असतं, त्यामुळे हातमोजे न घालता तो लावू नये. टेफ-जेल नावाच्या लेपात नॉनस्टिक तव्याच्या मुलाम्यातलाच टेफ्लॉन असतो. लॅनोकोट म्हणजे लॅनोलिन, मेंढीच्या लोकरीतली चरबी. यातला कोणता चांगला, यावर खलाशी तासन्‌तास हुज्जत घालतात. खरं तर कोणताही चालतो, लावलेला असला म्हणजे झालं. चालत नाही ते गॅरेजमधलं सवयीचं ग्रीस. ग्रॅफाइट घातलेलं काळं ग्रीस किंवा तांब्याची भुकटी घातलेला लेप मोटारीच्या इंजिनावर गुणाचा असेल, डोलकाठीवर तो आगीत तेल ओततो. ग्रॅफाइट आणि तांबं, दोन्ही अ‍ॅल्युमिनियमला झिजवणाऱ्यांच्याच बाजूचे. लेप फक्त आट्यांना लावूनही भागत नाही. स्क्रूच्या डोक्याखाली नायलॉनचं वायसर लागतं, आणि बसवायची वस्तू स्टीलची असेल तर तिच्या आणि डोलकाठीच्या मध्ये पातळ प्लास्टिकचा पत्रा.

आता भोकाकडे.

आट्यांचं गणित सोपं आहे आणि ते पाठ असलेला माणूस कामाचा. एम-६ स्क्रू म्हणजे सहा मिलिमीटर व्यासाचा, त्याचे आटे एकमेकांपासून एक मिलिमीटरवर. व्यासातून हे अंतर वजा केलं की भोकाचा आकार मिळतो: पाच मिलिमीटर. एम-५ चं अंतर ०.८, म्हणून भोक ४.२ चं. एम-८ चं अंतर सव्वा, म्हणून भोक पावणेसातच्या आसपास, बाजारात ६.८ चं बिट मिळतं. वर्कशॉपमधला जुना नियम असा, की पकड घ्यायला निदान तीन पूर्ण आटे हवेत. तीन मिलिमीटरच्या भिंतीत एम-६ चे बरोबर तीन आटे बसतात. एम-५ चे पावणेचार. आणि एम-८ चे जेमतेम अडीच. म्हणजे ‘जाड स्क्रू टाका, पक्कं बसेल’ हा शेजारच्या नौकेवरून हमखास येणारा सल्ला इथे उलटा पडतो. जाड स्क्रूला पातळ भिंतीत दात रोवायला जागाच उरत नाही. अमेरिकेत इंचांच्या मापात काम चालतं. तिथेही दर इंचाला २४ आट्यांचा स्क्रू सोडून त्याच जाडीचा ३२ आट्यांचा घेतात तो याच हिशेबाने.

भोक पाडताना पहिली अडचण म्हणजे गोलाई. गोल नळीवर ड्रिलचं टोक घसरतं आणि अ‍ॅनोडायझिंगवर लांबलचक ओरखडा उमटतो. म्हणून आधी सेंटर पंचने हलकासा टिंब, मग तीन मिलिमीटरचं बारीक भोक, मग पाचचं. मशीन नळीच्या पृष्ठभागाशी काटकोनात धरायचं. भोक तिरकं गेलं तर आटेही तिरके पडतात, आणि मग स्क्रूचं डोकं एका कडेवर टेकून राहतं.

टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवणं हे हातांचं काम आहे, ते घाईत जमत नाही. अ‍ॅल्युमिनियम चिकट धातू आहे. कापताना त्याचा कीस हत्याराच्या धारेला डिंकासारखा चिकटतो, धार बोथट होते आणि आटे कापले जाण्याऐवजी ओरबाडले जातात. यावर आपल्याकडच्या लेथवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असलेला इलाज म्हणजे रॉकेल. टॅपवर रॉकेलचे दोन थेंब सोडायचे, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे फिरवताना कीस तुटल्याचा बारीक ‘कट्’ मनगटाला जाणवतो. पुन्हा अर्धा पुढे. टॅप जड लागला, कुरकुरला, तर जोर न लावता बाहेर काढून पुसायचा. टॅप काचेसारखा कडक आणि तितकाच ठिसूळ असतो. भोकात मोडला तर त्याच्यावर ड्रिलही चालत नाही. डोलकाठी वीस मीटरची असली तरी तो दिवस त्या एका भोकापायी गेलाच म्हणायचा.

आटे पडल्यावर भोकाच्या काठावर जी धातूची धारदार किनार, म्हणजे बर, उरते, ती मोठं बिट हातानेच एकदोनदा फिरवून काढतात. कीस मात्र आत, पोकळीत पडतो. अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर नुसता खुळखुळेल, पण स्टीलचा स्क्रू ड्रिलने उडवताना पडलेला कीस तळाशी ओल्या जागी बसून तीच जुनी झीज सुरू करतो. म्हणून डोलकाठी आडवी असतानाच ती पाण्याने धुऊन काढलेली बरी.

नळीच्या आत आणखीही रहदारी असते. दिव्यांच्या आणि अँटेनाच्या तारा, आणि शीड वर चढवायचे हॅलयार्ड दोर. हे दोर आतल्या आत वरखाली धावतात आणि नौका डोलली की भिंतीवर आपटतात. स्क्रूचं टोक आत सेंटिमीटरभर बाहेर आलेलं असेल, तर तोच दोर त्याच्यावर रोज घासला जातो. नवा स्वच्छ पांढरा दोर वर्षाच्या आत एकाच ठिकाणी पिंजारला, की अनुभवी माणूस दोराला दोष न देता डोलकाठीवर नवीन काय बसवलंय ते विचारतो. म्हणूनच टोकदार सेल्फ-टॅपिंग स्क्रू, जे लाकडाच्या कपाटाला शोभतात, ते इथे नकोत. स्क्रू मापून, कानशीने घासून इतकाच ठेवायचा की आत एखादा आटा डोकावेल.

विंचसारख्या वस्तूला, जिच्यावर माणूस सगळं अंग टाकून दोर ओढतो, तीन आटे पुरत नाहीत. तिथे आतून जाड पट्टी द्यावी लागते. पण बंद नळीच्या आत, भोकाच्या बरोबर मागे, पट्टी नेऊन ठेवायची कशी? युक्ती पायजम्यात नाडी ओवण्याची आहे. आधीच आटे पाडून ठेवलेल्या पट्टीला दोरा बांधायचा. बारीक तार स्क्रूच्या भोकातून आत सोडायची, हॅलयार्ड बाहेर येतो त्या मोठ्या फटीतून आकड्याने ती पकडून बाहेर घ्यायची, तिला पट्टीचा दोरा जोडायचा आणि भोकाकडून हळूहळू ओढायची. पट्टी आत सरपटत येते आणि भोकामागे ‘टक्’ करून बसते. पहिला स्क्रू पकडेपर्यंत दोरा सोडायचा नाही. सोडला की पट्टी घरंगळत डोलकाठीच्या बुडाशी, आणि नाडी ओवणाऱ्या प्रत्येकाला पुढचं माहीत आहे.

सगळ्याच गोष्टींना स्क्रू लागतो असं नाही. जी वस्तू पुन्हा काढायचीच नाही, तिला रिव्हेट बरे. रिव्हेटला आटे नसतात, त्यामुळे भिंत पातळ असली तरी त्याचं बिघडत नाही, आणि भिंतीला समांतर बसणारी ओढ तो उत्तम पेलतो. धातूची डोलकाठी मुळात जन्मली तीच रिव्हेटांवर. १९३० च्या अमेरिकाज कप शर्यतीसाठी स्टार्लिंग बर्जेस यांनी ‘एंटरप्राइज’ ही नौका रेखली. तिची डोलकाठी ड्युरालुमिन या विमानांत वापरल्या जाणाऱ्या मिश्रधातूची होती. ती आखण्यात त्यांचे बंधू चार्ल्स यांचा हात होता, जे एरवी अमेरिकी नौदलासाठी हवाई जहाजांची आखणी करत. सुमारे १६० फूट उंच, आणि पत्रे वाकवून हजारो रिव्हेटांनी जोडलेली. लाकडी डोलकाठीपेक्षा ती कितीतरी हलकी भरली. सर थॉमस लिप्टन, तेच चहावाले, यांची ‘शॅमरॉक-५’ लाकडी डोलकाठी घेऊन उतरली होती. तिचा ‘एंटरप्राइज’ने ४-० असा फडशा पाडला. ड्युरालुमिनमध्ये तांबं असतं, त्यामुळे खाऱ्या पाण्यात ते लवकर सडतं. आजचे मिश्रधातू त्या बाबतीत बरेच सोशिक आहेत.

हल्ली चांगले बोटयार्ड मोनेलचे रिव्हेट वापरतात. मोनेल म्हणजे ढोबळमानाने दोन भाग निकेल आणि एक भाग तांबं. मजबूत आणि समुद्रात न गंजणारं. त्यातलं तांबं इथे खटकायला हवं, आणि खटकतंच, म्हणून तिथेही लेप सुटत नाही.

स्क्रू आणि रिव्हेट यांच्यामधला एक हुशार वाटणारा पर्याय म्हणजे रिव्हनट: आतून आटे असलेला रिव्हेट. एका बाजूनेच हात पोचतो अशा ठिकाणी तो भोकात घालून दाबला, की मागून फुगतो आणि भिंतीला घट्ट धरतो. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या बी. एफ. गुडरिच या टायर बनवणाऱ्या कंपनीने तो काढला, विमानाच्या पंखांवरचं बर्फ झटकणाऱ्या रबरी पट्ट्या बसवण्यासाठी. डोलकाठीत तो मोहात पाडतो, कारण आटे लांब मिळतात. पण एम-६ च्या रिव्हनटला नऊ मिलिमीटरचं भोक लागतं. शिवाय काही वर्षांनी आतला स्क्रू अडकला, की तो फिरवताना अख्खा रिव्हनटच भोकात गरगर फिरायला लागतो. ना धरता येतो, ना सोडवता येतो. ज्याने असा फिरणारा रिव्हनट एकदा कापून काढलाय, तो पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. हलक्या वस्तूंसाठी ठीक, बाकीच्यांना दूरच ठेवलेला बरा.

भोक कसं पाडायचं हे जमलं, तरी कुठे पाडायचं हा प्रश्न उरतोच. जर्मन अभियंता किर्श याने १८९८ मध्ये गणिताने दाखवून दिलं, की ताणलेल्या पत्र्यात गोल भोक असेल तर भोकाच्या काठावर ताण तिप्पट होतो. भोक केवढं आहे याने फारसा फरक पडत नाही. लहान भोकाच्या काठावरही ताण तिप्पटच. अ‍ॅल्युमिनियमची आणखी एक खोड म्हणजे थकवा. पोलादावरचा ताण एका मर्यादेच्या आत असला, तर ते वाटेल तितके हेलकावे सोसतं. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादाच नाही, प्रत्येक हेलकावा त्याच्या खाती जमा होत राहतो. नौका दर सहा सेकंदांनी एकदा डोलली, तर दिवसाला चौदा हजार चारशे हेलकावे होतात. १९५४ मध्ये कॉमेट जातीची दोन प्रवासी विमानं भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली. त्यातल्या एकाचा पत्रा समुद्रातून काढून तपासला, तेव्हा तडा रिव्हेटच्या भोकापासून सुरू झाल्याचं दिसलं.

शिडाच्या नौकांमध्ये याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे लेझर, जिला आता इल्का म्हणतात. ऑलिंपिकमध्ये एकेकट्याने चालवायची ही छोटी नौका मुंबईच्या आर्मी यॉटिंग नोडमध्ये तयार झालेल्या विष्णू सरवणन यांच्यामुळे आपल्याकडेही ओळखीची झाली. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी याच नौकेवर कांस्यपदक मिळवलं. लेझरच्या डोलकाठीचे दोन तुकडे एकात एक बसतात, आणि वरच्या तुकड्यावरची प्लास्टिकची कॉलर एका लहानशा रिव्हेटने धरलेली असते. अ‍ॅल्युमिनियमचा वरचा तुकडा मोडतो तो पुष्कळदा त्या रिव्हेटच्या भोकाशीच. डोलकाठी पुढे बाक घेते, म्हणजे पुढची बाजू ताणली जाते आणि मागची दाबली जाते. भोक दाबाच्या बाजूला असलं तर ते बरंच निभावून नेतं. मोठ्या डोलकाठीलाही हाच हिशेब लागू: बाजूच्या तारा जिथे बांधतात आणि आडवे हात जिथे फुटतात, त्या जागांपासून नवी भोकं दूर हवीत, आणि एकाच पातळीवर नळीभोवती भोकांची माळ नको. चार भोकं लागणारच असतील, तर ती खालीवर विखुरलेली बरी. पोस्टाच्या तिकिटांचा कागद कुठे फाटतो, हे आठवलं की पुरे.

किनाऱ्यावर या सगळ्याची चैन आहे. भर समुद्रात नाही. गोव्यात दिवाड बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेल्या ‘तारिणी’ने २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन २५४ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिची डोलकाठी २५ मीटर उंच, साधारण आठ मजली इमारतीएवढी. अशा सफरीवर बंदर लागलं की कोणीतरी दोरावरच्या खुर्चीत बसून वरपर्यंत जातं आणि एकेक जोड बोटांनी चाचपत खाली येतं. हत्यारं मनगटाला बांधलेली असतात. वरून निसटलेला पाना खाली डेकवर पडेपर्यंत बंदुकीच्या गोळीच्या जातीचा झालेला असतो.

आणि अडकलेला स्क्रू? त्यावर पहिला उपाय धीर. आदल्या रात्री झिरपणारं तेल सोडून ठेवायचं. सकाळी हीट गनने त्या जागेला ऊब द्यायची. अ‍ॅल्युमिनियम स्टेनलेसपेक्षा जवळपास दीडपट प्रसरण पावतं, त्यामुळे भोक स्क्रूपेक्षा किंचित जास्त मोठं होतं आणि पांढऱ्या भुकटीची पकड सुटते. ब्लो-लँप मात्र लावू नये. दोनशे अंशांच्या वर फार वेळ तापलं, तर कारखान्यात उष्णतेने दिलेली ताकद उष्णतेनेच परत जाते. मग ठोका देत फिरवणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर. तोही हरला तर डोकं ड्रिलने उडवायचं, वस्तू काढून घ्यायची आणि उरलेल्या खुंटाला पकडीने धरायचं.

आटे गेलेच, तर स्कूटरच्या प्लगचे आटे गेल्यावर गॅरेजवाला हेलिकॉइल, म्हणजे स्टीलच्या तारेचं वेटोळं, घालून देतो, तसं इथे करावंसं वाटतं. पण त्या वेटोळ्याला बसायला सहा-सात मिलिमीटरची खोली तरी हवी. स्कूटरच्या हेडमध्ये ती आहे, डोलकाठीच्या भिंतीत नाही. इथे आतून पट्टी द्यायची किंवा जागा बदलायची.

तेव्हा यंदा डोलकाठी उतरली की पॉलिश हातात घेण्याआधी एक काम करा. ज्या स्क्रूला सगळ्यात जास्त वर्षं कोणी हात लावलेला नाही, तो एकच काढून बघा. सुरळीत निघाला तर आटे पुसून, लेप लावून परत बसवा. नाही निघाला, तर पावसाळ्याचे चार महिने हाताशी आहेत आणि वर चढायचीही गरज नाही.